माझा विरोध लिहून घ्या

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. पहिलाच ठराव सामंतबाईंच्या श्रद्धांजलीचा होता. अध्यक्षांनी तो वाचला, आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहिलो, आणि बसता बसता अध्यक्ष सवयीने म्हणाले, "ठराव एकमताने मंजूर." त्याबरोबर अख्ख्या गच्चीने मागे वळून पाण्याच्या टाकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. इतकी वर्षं तिथूनच हात वर व्हायचा आणि आवाज यायचा, "एकमताने नाही. माझा विरोध लिहून घ्या, सेक्रेटरी." खुर्ची रिकामी होती. कोणीतरी हसलं, मग कोणालातरी हुंदका आला, आणि मी हातातलं पेन तसंच धरून बसलो. बाई असत्या तर त्यांनी स्वतःच्या श्रद्धांजलीलाही विरोध केला असता, याबद्दल मात्र आमचं खरोखरच एकमत होतं.

मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अंगाला आमची ही जुनी सोसायटी आहे. तिचा मी सेक्रेटरी झालो तो बिनविरोध, म्हणजे दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. सभेत माझं नाव जाहीर झालं, टाळ्या पडल्या, आणि बाईंचा हात वर गेला. मला वाईट वाटलं. आम्ही एकाच मजल्यावर राहणारे, त्यांच्या घरची कोकमाची बाटली दर उन्हाळ्यात आमच्याकडे येणार, आणि या बाई माझ्याच विरोधात!

"तुम्हाला विरोध नाही हो," जिन्यात त्या म्हणाल्या. "बिनविरोध या शब्दाला आहे. तुम्हाला निवडलं कुणी? तुम्ही उरलात."

तेव्हापासून त्या मला नावाने हाक मारेनाशा झाल्या. भाजीच्या गाडीवर, डॉक्टरांच्या दवाखान्यात, माझ्या मुलीच्या लग्नातसुद्धा मी 'सेक्रेटरी'च होतो.

सामंतबाई ठेंगण्या, काटक, केस घट्ट मागे बांधलेले. महापालिकेच्या मराठी शाळेत त्यांनी जन्मभर शिकवलं. लग्न केलं नाही. का नाही केलं असं आमच्या सौ.ने एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "घरातल्यांनी एकमताने ठरवलं होतं ना." पुढे विचारायची सोयच ठेवली नाही. इमारतीला गुलाबी रंग द्यायचं ठरलं तेव्हाही त्यांचा विरोध होता, आणि तो रंगाला नव्हता. रंग त्यांना आवडला होता. "अर्धे जण वडे खात होते, तिघं-चौघं मोबाइलात होते, शहांना तर ऐकूच येत नाही. हे एकमत? 'कोणी काही बोललं नाही' असं लिहा." मी तसं लिहिलं. पुढच्या वर्षी ऑडिटरने त्या वाक्याखाली प्रश्नचिन्ह काढलं, ते मी बाईंना दाखवलं तेव्हा त्या दिवसभर खूश होत्या.

हे खूळ त्यांना लागलं ते मतमोजणीच्या हॉलमध्ये. मशीन येण्याआधी, कागदावर शिक्का मारायचे दिवस होते, तेव्हा शिक्षकांना इलेक्शन ड्युटी लागायची आणि बाईंच्या वाट्याला बरेचदा मोजणी यायची. बाद मतपत्रिका बाजूला काढायचं काम त्यांच्याकडे असे. बाकीचे लोक त्या भराभर एका गठ्ठ्यात टाकत, बाई वाचत. कारण कितीतरी जणांनी त्यांवर शिक्क्याऐवजी मजकूर लिहिलेला असायचा. 'आधी पाणी द्या.' 'सगळे सारखेच.' एकाने सगळ्या चिन्हांवर शिक्के मारून खाली 'समान न्याय' असं लिहिलं होतं.

"सेक्रेटरी, त्या हॉलमधली सगळ्यात मनापासून दिलेली मतं तीच हो," त्या मला सांगायच्या. "आणि त्यांनाच आम्ही दोरा बांधून बाद म्हणत होतो."

त्यातल्या एका कागदावर कोणीतरी लिहिलं होतं, 'गटार तुंबलंय', आणि खाली चाळीचं नाव, खोलीसकट. बिचाऱ्याला वाटलं असणार, पेटी थेट सरकारकडेच जातेय तर पत्ता दिलेला बरा. दुसरं कोणी हसून सोडून दिलं असतं. बाई दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर भांडुपला ती चाळ शोधत गेल्या. दार उघडलेल्या माणसाला त्यांनी नाव विचारलं नाही, मतपत्रिकेचं काही बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "गटार बघायला आलेय."

तो माणूस बघतच राहिला. मग आत वळून ओरडला, "अगं, पोचलं! पोचलं आपलं!"

बाईंनी गटार पाहिलं, वॉर्ड ऑफिसात तक्रार दिली, पुन्हा पुन्हा हेलपाटे घातले. गटार काही साफ झालं नाही. पण तो माणूस पुढे बरीच वर्षं गणपतीला करंज्या घेऊन यायचा. ही गोष्ट सांगताना बाई दर वेळी 'पोचलं आपलं' इथे थांबायच्या आणि चष्मा पुसायच्या. तेवढ्या एका शब्दापायी त्यांचा सगळा खटाटोप चालायचा, असं मला वाटतं.

पुढे मशीन आलं आणि लिहायची जागाच गेली. नियमात एक सोय होती: आत जायचं, शाई लावून घ्यायची, सही करायची आणि मग अधिकाऱ्याला सांगायचं की मला कोणालाच मत द्यायचं नाही, त्याने तसा शेरा लिहायचा. बाईंनी तेही केलं. केंद्रावरचा अधिकारी नवखा होता. "अहो मॅडम, दाबा ना काहीतरी, लाइन केवढी आहे," असं तो काकुळतीला येऊन म्हणाला. त्याने वरच्या साहेबांना फोन लावला, तोवर प्रत्येक पक्षाचा माणूस मान उंचावून ही कोण म्हातारी ते पाहून घेत होता. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वॉर्डला कळलं. बाई घरी आल्या त्या संतापून.

"सगळ्यांचं मत पडद्याआड," त्या म्हणाल्या, "आणि नाही म्हणणारीला मात्र चौकात उभी केली. नकाराला पडदा नको का?"

म्हणून मशीनवर सगळ्यात शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आलं, तेव्हा बाईंनी मजल्यावर पेढे वाटले. नकाराला पडदा मिळाला होता. आता गंमत बघा, पडदा मिळाल्यावर त्यांनी तो पाळावा की नाही? छे! मतदान करून आल्या की जिन्यात, गेटवर, इस्त्रीवाल्याकडे, जो विचारेल त्याला आणि न विचारेल त्यालाही बोट दाखवून सांगायच्या, "नोटा. मी नोटाला दिलं." मतदानाच्या दिवसाला जोडून सुट्टी काढून लोणावळ्याला जाणाऱ्यांवर त्यांचा फार राग. आमच्या तळमजल्यावरच्या देढियांनी एकदा सांगितलं, "बाई, मी पण विरोध म्हणूनच मत देत नाही." बाई म्हणाल्या, "देढिया, घरी बसलेल्या माणसाचा राग आणि आळस लांबून सारखाच दिसतो. शाई लावून या, मग रागवा." पुढच्या खेपेला देढिया सकाळी सकाळी शाई लावून आले आणि मगच लोणावळ्याला गेले.

याच नोटापायी त्यांच्या घरी संदेश आला.

संदेश तेव्हा तिशीतला, एका पक्षाचा हौशी कार्यकर्ता. बुलेट, कपाळाला टिळा, खिशात दोन मोबाइल. आमच्या गल्लीतली किती मतं कुठे जातात याचा अंदाज घेत फिरत असताना त्याला इस्त्रीवाल्याने सांगितलं, "सामंतबाई नोटावाल्या आहेत." संदेशने त्याचा सरळ अर्थ घेतला. दुसऱ्या दिवशी भरदुपारी तो मिठाईचा बॉक्स घेऊन बाईंच्या दारात हजर. मी तेव्हा त्यांच्याकडे गळक्या पाइपाचं बघायला गेलो होतो, म्हणून हे सगळं माझ्यासमोर घडलं.

"काकू, कळलं मला," तो अदबीने म्हणाला. "आधीच बोलायचं ना. आपल्यात कशाला लाज?" आणि बॉक्सच्या झाकणाखालचं पाकीट त्याने हळूच पुढे सरकवलं.

बाईंनी पाकीट उघडलं, आत डोकावल्या, माझ्याकडे पाहिलं. आता काय होतंय म्हणून मी पाना खाली ठेवला. आणि बाई हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खुर्चीला धरून हसल्या. संदेशची वाट लागली होती. कमी पडले असं वाटून तो बिचारा पुटपुटला, "काकू, वरती बोलून बघतो मी, अजून होईल थोडं ॲडजस्ट..."

"बस," बाई म्हणाल्या. "बस इथे. पाकीट उचल आधी. मराठी कुठल्या शाळेत शिकलास?"

त्याने शाळेचं नाव सांगितलं. ती बाईंचीच शाळा निघाली. बाईंच्या वर्गात तो कधी नव्हता, पण त्याने चटकन पाय खाली घेतले आणि 'काकू'ची 'बाई' झाली. बाईंनी त्याला सरबत दिलं आणि नोटा म्हणजे काय ते फळ्यावर लिहिल्यासारखं नीट समजावलं.

"म्हणजे मत फुकट ना, बाई? कोणालाच नाही द्यायचं तर जायचं कशाला?"

"तुझ्या आईने भाजी आणायला पाठवलं आणि सगळी सडकी असली, तर काय करतोस?"

"तशीच घेतो. ती ओरडते."

"म्हणून तू कार्यकर्ता झालास," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून संदेश येत राहिला. आधी भांडायला, मग सवयीने. बाईंचा गॅस लावून देणं, बँकेत नेणं हे तो करायचा, आणि बाई त्याच्या पत्रकांतलं शुद्धलेखन तपासून द्यायच्या. "तुमच्या पक्षाला मत देणार नाही, पण ऱ्हस्व-दीर्घाचा त्यात काय दोष," असं म्हणायच्या. प्रत्येक निवडणुकीनंतर तो विचारायचा, "काय बाई?" आणि बाई बोट दाखवायच्या, "नोटा." तो कपाळावर हात मारायचा. त्याच्या मुलीच्या बारशाला बाई गेल्या होत्या. तिथे नाव ठरवताना सगळे 'एकमताने' म्हणाले, तेव्हा संदेशनेच आधी बाईंकडे पाहिलं.

मधल्या काळात बाईंची शाळा बंद झाली. इमारत धोकादायक ठरवली, मुलं हायवेपलीकडच्या दुसऱ्या शाळेत पाठवली, आणि तिथे रोज जाणं न जमणारी हळूहळू गळाली. दर निवडणुकीत प्रत्येक उमेदवार हात जोडून बाईंच्या दारात यायचा आणि शाळा पुन्हा उभी करायचं वचन द्यायचा. बाईंचं स्वागत ठरलेलं होतं. "या, बसा. मी तुम्हाला मत देणार नाही, पण सरबत घ्या." उमेदवार सरबत घेऊन जायचे आणि शाळेच्या फाटकाला गंज चढत राहायचा. आपण नाही म्हणतो ते कुणाला पोचतच नाही, असं त्या अलीकडे म्हणू लागल्या होत्या. पहिल्यासारख्या चिडून नाही, थकून. महापालिकेची निवडणूक तर इतकी लांबली की वॉर्डाला नगरसेवकच उरला नाही. "आता नाही तरी कुणाला म्हणू?" त्या विचारायच्या.

अखेर ती निवडणूक लागली तेव्हा बाईंचं हृदय थकलं होतं. पायांवर सूज, दोन वाक्यांमध्ये दम. आणि आमच्या वॉर्डातून तिकीट मिळालं संदेशला.

अर्ज मागे घ्यायची मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी मी बाईंची औषधं द्यायला गेलो, तर संदेश पेढ्यांचा बॉक्स घेऊन त्यांच्या पाया पडत होता.

"बाई, काम झालं! बाकीच्यांनी अर्ज मागे घेतले. एक ते रिटायर्ड केळकर अपक्ष उरलेत, ते पण उद्या घेतायत. वरच्यांनी बोलून ठेवलंय. बिनविरोध, बाई! डायरेक्ट नगरसेवक!"

बाईंनी पेढा तोंडाजवळ नेला होता. तो खाली आला.

"म्हणजे मतदान?"

"मतदानच नाही ना. झकास! तुम्हाला एवढ्या तब्येतीत जायला पण नको."

बाई हातातल्या पेढ्याकडे बघत राहिल्या. संदेशला काहीतरी चुकल्याचं कळलं, पण काय ते कळेना.

"अरे संदेश," बाई म्हणाल्या, दम घेत घेत. "मला तुला नाही म्हणायचंय."

"काय?"

"तुला. मत. नाही म्हणायचंय. आत जाऊन, शाई लावून. कदाचित हो म्हणेन, मला काय माहीत. पण माझं मी ठरवीन. आणि तू तेच बटण काढून घेतोयस माझ्याकडून. वर पेढे देतोयस."

"बाई, माझ्या हातात नाही ते. वरचे लोक..."

"मी काही पुढच्या निवडणुकीला नसणार. हे तुलाही माहीत आहे, सेक्रेटरींनाही माहीत आहे. ते औषधं मोजायला येतात ते काय उगाच? माझं हे शेवटचं मत. ते तू खाल्लंस."

त्यांनी पेढा बॉक्समध्ये परत ठेवला आणि झाकण लावलं. संदेश बॉक्स उचलून, चपला पायात न घालता हातात घेऊन जिना उतरला. मी बाईंना म्हणालो, की जरा कडक झालं. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. रडत होत्या की दमल्या होत्या, मला विचारवलं नाही.

दुसऱ्या दिवशी गल्लीत फटाक्यांच्या माळा आणून ठेवलेल्या होत्या. दुपार टळली तरी त्या लागल्या नाहीत. केळकरांनी अर्ज मागे घेतलाच नाही. पक्षाचे लोक त्यांच्या घरी गेले तर ते बहिणीकडे पुण्याला. त्यांना तिथे कोणी जायला सांगितलं यावर गल्लीत बरंच काही बोललं गेलं. पक्षातले काही जण संदेशशी नीट बोलेनासे झाले. मी त्याला एकदा एकटा गाठून विचारलंच. तो इकडे तिकडे बघत म्हणाला, "सोडा ना, काका. बाईंनी पेढा परत केला. तो बॉक्स घरी नेऊन मी बायकोला काय सांगणार होतो?"

प्रचारात तोही इतरांसारखाच ढोल-ताशा आणि उपरणी घेऊन आमच्या मजल्यावर आला. बाई दारात उभ्या राहिल्या, एका हाताने चौकट धरून. "या, बसा. मी तुम्हाला मत देणार नाही, पण सरबत घ्या." पोरं हसली. संदेशने त्यांना खाली पाठवलं आणि एकटाच आत येऊन बसला.

"बाई, शाळेचं मी काही करू शकणार नाही," तो म्हणाला. "चौकशी केली मी. ती जागा गेली. पत्रकात टाकायला सगळे सांगतायत, मी नाही टाकलं. लांबच्या शाळेत पोरांना न्यायला बस मागीन. मिळेल का, माहीत नाही."

बाई उठल्या, स्वयंपाकघरापर्यंत भिंतीला धरत गेल्या आणि सरबताचा दुसरा पेला घेऊन आल्या. दुसरा पेला त्यांनी आजवर कोणत्याही उमेदवाराला दिला नव्हता. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "सेक्रेटरी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मलाच कुणीतरी नाही म्हणालं." आणि हसल्या.

मतदानाच्या दिवशी त्या मोतिया रंगाची ठेवणीतली साडी नेसून तयार होत्या. व्हीलचेअर नको म्हणाल्या. मी आणि सौ. त्यांना रिक्षाने केंद्रावर घेऊन गेलो. दाराशी लावलेल्या कागदावरचं 'मतदान केंन्द्र' वाचून त्यांनी पर्समधलं पेन काढलं, जादा अनुस्वार खोडला, आणि मगच आत पाऊल टाकलं. शाई लागली. त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या.

एरवी बाई आत गेल्या की लगेच मशीनचा आवाज यायचा. शेवटचं बटण कुठे आहे ते त्यांच्या बोटाला पाठ होतं. आज आवाज येईना. रांग चुळबुळू लागली. अधिकारी म्हणाला, "आजी, झालं का?"

आतून आवाज आला, "विचार करतेय. मशीनला गाडी पकडायची आहे का?"

मग केव्हातरी ती लांबलचक शिट्टी वाजली.

बाहेर, केंद्रापासून ठरलेल्या अंतरावर आखलेल्या पांढऱ्या रेघेपलीकडे संदेश उभा होता, शर्टाला घाम आलेला. बाई माझा हात धरून रेघ ओलांडून आल्या. तो काही विचारत नव्हता. त्याच्या शेजारचा एक कार्यकर्ता मात्र सवयीने खिदळला, "काय बाई, नोटा ना?"

बाई थांबल्या. शाईचं बोट वर गेलं, नेहमी जायचं तसंच. आता नेहमीचा शब्द येणार म्हणून सगळे वाट बघत होते.

"मतदान गुप्त असतं," त्या म्हणाल्या. "विचारू नये, एवढं कळत नाही?"

संदेशने एकदम मान खाली घातली. त्याने उपरण्याने तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिला.

रिक्षात बसल्यावर बाई डोळे मिटून मागे टेकल्या. मिठागराकडून वारा येत होता. सौ. मला कोपराने ढोसत होती, आणि मलाही राहवेना. अख्ख्या मुलुंडला न विचारता सांगणाऱ्या या बाई, मग मला सांगायला काय हरकत?

"बाई," मी हळूच म्हटलं, "निदान मला तरी?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. शाईचं बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत नीट झाकून घेतलं.

"सेक्रेटरी," त्या म्हणाल्या, "आज काही लिहून घेऊ नका."